पसंतीक्रमाच्या पानावर चार रकाने हवेत

मा. आयुक्त,
राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

विषय : बी. एस्सी. नर्सिंगचा पसंतीक्रम भरताना उमेदवारासमोर महाविद्यालयाची खरी माहिती ठेवण्याबाबत.



आपल्या कक्षाच्या संकेतस्थळावर बी. एस्सी. नर्सिंगचा पसंतीक्रम भरायचे पान उघडले की एक यादी येते. सांकेतिक क्रमांक, महाविद्यालयाचे नाव, गाव, फार तर ते शासकीय आहे की खासगी. एवढ्या भांडवलावर सतरा-अठरा वर्षांची मुलगी आपली चार वर्षे निवडते आणि त्या चार वर्षांवर पुढची सगळी नोकरी उभी राहते. हे पत्र त्या पानाबद्दल आहे. वाटेतल्या इतर गोष्टींवरही बोलणे होईल, पण मागणी या पानापुरतीच आहे.

मी शासकीय सेवेत पाठ्यनिर्देशिका होते. आधी अधिपरिचारिका म्हणून वॉर्डात उभी राहिले, मग शिकवायला गेले. त्यामुळे फळा आणि बेडपॅन दोन्ही माझ्या ओळखीचे आहेत. निवृत्तीनंतर परतवाड्याला राहते. बारावीचा निकाल लागला की अचलपूर, चांदूरबाजार, चिखलदरा, धारणी इकडच्या मुली आई-बापाला घेऊन विचारायला येतात. कुणाच्या तरी मावसबहिणीने माझे नाव सांगितलेले असते. अर्ज मी भरत नाही. तो चौकातल्या ई-सेवा केंद्रातला मुलगा भरतो आणि माझ्यापेक्षा झटपट भरतो. मी शेजारच्या खुर्चीवर बसते आणि विचारले तर सांगते.

परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. २०२३ पासून राज्याने या अभ्यासक्रमासाठी वेगळी सीईटी सुरू केली हे फार बरे झाले. त्याआधी प्रवेश नीटच्या गुणांवर होत असे. जिला परिचारिकाच व्हायचे होते, तिनेही डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांच्या परीक्षेला बसायचे आणि एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी असे सगळे वाटून झाले की उरलेल्यांच्या रांगेत उभे राहायचे. नर्सिंगकडे येणारी प्रत्येक मुलगी कुठूनतरी नापास होऊनच आली आहे, असा समज त्या पद्धतीने घरोघरी पोहोचवला. आताची परीक्षा आटोपशीर आहे. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे; भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल यांना प्रत्येकी वीस गुण; चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कल तपासणारे वीस गुण गाईड पाठ करून मिळवता येतात, हे मी डोळ्यांनी पाहते. पण म्हणून ते वीस गुण काढून टाका असेही म्हणणार नाही. निदान त्या निमित्ताने गाईडमध्ये तरी मुली वाचतात की रुग्णाशी खोटे बोलू नये आणि त्याची गोष्ट बाहेर सांगू नये.

पात्रताही डोंगराएवढी नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण, बारावीला विज्ञानाचे तीन विषय आणि इंग्रजी, खुल्या गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. मेळघाटातल्या आश्रमशाळेतून आलेली कोरकू मुलगी ही अट ओलांडते. तिचा दम निघतो तो कागदांपाशी. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, मग त्याची पडताळणी. अनुसूचित जमातीसाठी अमरावतीची समिती, इतर मागासांसाठी वेगळी समिती आणि शिवाय नॉन क्रिमिलेअर. आजोबाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात कशी लिहिली आहे, यावर नातीचा प्रवेश अडतो. हे सगळे आपल्या कक्षाच्या हातात नाही, ते महसूल आणि आदिवासी विकास विभागांचे काम आहे, हे मला कळते. अकरावीतच पडताळणीचा अर्ज भरायला लावा, असे मी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकांना सांगत असते. काही ऐकतात.

या सगळ्यातून पार पडून मुलगी गुणवत्ता यादीत येते, आणि मग ते पान उघडते.

केंद्रातला मुलगा माऊसवर हात ठेवून विचारतो, "पुढचं कोणतं टाकू?" मुलगी बापाकडे बघते, बाप माझ्याकडे बघतो. "मॅडम, कसं हाय जी हे?" मी काय सांगणार? ज्या चार-सहा महाविद्यालयांच्या मुली माझ्या हाताखाली शिकून गेल्या किंवा जिथे माझ्या ओळखीच्या शिकवतात, त्यांच्याबद्दल सांगते. राज्यभरातल्या बाकीच्यांबद्दल मीही त्या मुलीइतकीच अडाणी. मग पसंतीक्रम भरला जातो तो असा : ज्या गावाला परतवाड्याहून थेट एसटी आहे ते आधी. ज्या नावात 'इंटरनॅशनल' आहे ते त्याच्या वर. आत्याच्या गावाजवळचे तिसरे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या गेल्या वर्षीच्या पीडीएफमध्ये ज्याच्या कटऑफचा आकडा मोठा दिसतो ते चांगले असणार, म्हणून चौथे. आणि एखाद्या एजंटाने घरी येऊन रंगीत माहितीपुस्तिका दिली असेल तर ते पहिले. त्या पुस्तिकेत कमान असते, संस्थापकांचा फोटो असतो, हसऱ्या मुलींची रांग असते. अलीकडे जर्मनीचे चित्रही असते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ही खरी गोष्ट आहे. पण तिथे परिचारिका म्हणून उभे राहायला जर्मन भाषा वरच्या पातळीपर्यंत शिकावी लागते, हे त्या चित्राखाली लिहिलेले नसते.

आमच्याकडे बाजारात बैल घेताना शेतकरी त्याचे दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावले चालवून बघतो. त्याच शेतकऱ्याला मुलीचे चार वर्षांचे शिक्षण मात्र नाव वाचून घ्यावे लागते. तो बेफिकीर आहे म्हणून नव्हे. बघायला त्याच्यासमोर काही ठेवलेलेच नसते.

म्हणून माझी मागणी चार रकान्यांची आहे. त्यातला पहिला सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिला रकाना रुग्णालयाचा. नर्सिंग हा वर्गात शिकायचा विषय आहे, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात अभ्यासक्रमाचा मोठा भाग वॉर्डात जातो आणि आठव्या सत्रात तर इंटर्नशिपच असते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक असा की क्लिनिकल पोस्टिंगला एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. का, ते वॉर्डात काम केलेल्यालाच कळते. कॅन्युला लावायला हात बसतो तो लावून लावून. लहान मुलाची शीर वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी, जुलाबाने सुकलेल्याची आणखी वेगळी. ड्यूटी संपताना ओव्हर देताना कोणती गोष्ट आधी सांगायची, कोणता आकडा ऐकून इन्चार्ज सिस्टर उठून उभी राहते, रात्री तीनला शांत झालेला रुग्ण खरोखर झोपला आहे की गुंगीत चालला आहे, हे पुस्तकात असते, पण हातात येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, पाठ कोरडी ठेवायची, इतके साधे काम. ते वर्षानुवर्षे न चुकता केले तर काय होते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांच्या बाबतीत दाखवले. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या शुश्रूषेची दखल घेतली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर होऊ दिला गेला नव्हता. हे शिक्षण रुग्णाजवळ मिळते. रुग्णच नसेल तर शिकवणारी कितीही मोठी असो, तिलाही ते देता येत नाही.

प्रसूतीचे तर विचारूच नका. प्रत्येक विद्यार्थिनीने ठरावीक प्रसूती बघायच्या, ठरावीक संख्येने स्वतः करायच्या आणि लॉगबुकात नोंदवून सही घ्यायची, असा नियम आहे. चांगल्या कामाच्या लेबर रूममध्ये हे सहज होते. ज्या महाविद्यालयाच्या स्वतःच्या रुग्णालयात बाळंतपणेच कमी, तिथल्या मुली बसमध्ये बसून दुसऱ्या रुग्णालयात जातात. तिथे दुसऱ्या दोन-तीन महाविद्यालयांच्या मुली आधीच उभ्या असतात. एका बाईच्या खाटेभोवती इतक्या जणी की त्या बाईची लाज जाते आणि मागच्या मुलीला पुढचीच्या अॅप्रनशिवाय काही दिसत नाही. एक प्रसूती होते आणि तिची नोंद किती लॉगबुकांत उतरते हे मी इथे लिहीत नाही. आपण कुणाही पाठ्यनिर्देशिकेला एकांतात विचारा. मुली लबाड नसतात. सत्र संपत आलेले असते, सही हवी असते.

ही मुलगी पुढे कुठे जाते तेही पाहावे. आता उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात आणि त्या पदावर बी. एस्सी. नर्सिंग झालेलीही जाऊ शकते. मेळघाटातल्या उपकेंद्रावर ती असते तेव्हा मागे डॉक्टर नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्र घाटापलीकडे, तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय त्याच्याही पलीकडे, पावसात फोन लागेलच असे नाही. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तर पहिली पंधरा मिनिटे त्या एकटीची असतात. तिने शिकताना किती प्रसूती स्वतःच्या हातांनी केल्या, हा प्रश्न तेव्हा लॉगबुकाचा राहत नाही.

म्हणून पसंतीक्रमाच्या पानावर प्रत्येक महाविद्यालयासमोर लिहिलेले असावे : स्वतःचे रुग्णालय आहे का, खाटा किती, त्यातल्या सरासरी किती भरलेल्या असतात, वर्षाला प्रसूती किती होतात, आणि पोस्टिंगसाठी मुलींना कोणत्या गावी, किती किलोमीटर जावे लागते. नुसत्या खाटांचा आकडा पुरणार नाही. रिकाम्या खाटेवर शिकता येत नाही, आणि तपासणीच्या दिवशी भरलेल्या खाटा दुसऱ्या दिवशी रिकाम्या होतात हे या क्षेत्रात कुणाला नवे नाही.

दुसरा रकाना पैशांचा. खासगी महाविद्यालयांचे शिक्षण शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते जाहीरही असते, पण वेगळ्या संकेतस्थळावर, वेगळ्या यादीत, वेगळ्या क्रमाने. ई-सेवा केंद्रात मागे रांग लागलेली असताना ती यादी उघडून ताडून बघणे कुणाला जमत नाही. आणि ते शुल्क म्हणजे खर्चाचा एक भाग. वसतिगृह, मेस, गणवेश, पोस्टिंगची बस, अनामत रक्कम, परीक्षा, आणि शिवाय 'इतर'. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण मिळू लागले. हा निर्णय मोठा आहे, त्याने आमच्याकडच्या कितीतरी घरांत 'पोरीला शिकवू' हे वाक्य नव्याने बोलले गेले. पण बाप बातमी ऐकून येतो, 'सगळं फुकट आहे' म्हणून, आणि वसतिगृह-मेसचा आकडा ऐकून गप्प होतो. दुसरी गोष्ट त्याला कुणीच सांगत नाही : ही सवलत केंद्रीभूत फेरीतून घेतलेल्या प्रवेशालाच आहे. फेरीतली जागा सोडून संस्थेच्या पातळीवर 'तुमचं काम करून देतो' म्हणणाऱ्याच्या मागे गेले की ती हातची गेली. आदिवासी मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि स्वयंम योजना वेगळ्या आहेत. त्यांचाही उल्लेख त्याच रकान्यात, दोन ओळींत करता येईल. वर्षाचा एकूण अंदाजे खर्च, त्यातला सरकार भरते तो, आणि घरून द्यायचा तो. बापाला तिसरा आकडा हवा असतो.

याच रकान्यात एक वाक्य आणखी हवे : अभ्यासक्रम मध्येच सोडला तर काय भरावे लागेल. माझ्या ओळखीच्या एका मुलीला दुसऱ्या वर्षात घरच्या आजारपणामुळे परत यावे लागले. महाविद्यालयाने तिला मूळ गुणपत्रिका देण्याआधी उरलेल्या वर्षांचे शुल्क मागितले. पसंतीक्रम भरताना ही अट तिला कुठेच दिसली नव्हती.

तिसरा रकाना वसतिगृहाचा. यावर शहरात राहणारी माणसे हसतात, म्हणून थोडे मागे जाते. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. त्यांनी तरुण विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवायचे ठरवले, तेव्हा पुण्यातल्या भल्या घरांतून काय काय बोलले गेले असेल याची कल्पना आजही करता येते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे. रमाबाईंनी त्याला उत्तर म्हणून केवळ भाषणे दिली नाहीत. मुलींच्या राहण्याची सोय संस्थेने स्वतःकडे घेतली. मुलगी कुठे राहते, कुणाच्या नजरेखाली राहते, हे घरच्यांना सांगता आल्यावर बोलणाऱ्यांची तोंडे हळूहळू मिटली. शंभर वर्षांहून अधिक काळ उलटला तरी धारणीचा बाप मला विचारतो ते हेच. वसतिगृह कॉलेजच्या आवारात आहे की भाड्याच्या खोल्या? नाईट ड्यूटीहून मुली कशा येतात? वॉर्डन बाई आहे ना? तो मागासलेला आहे असे मला कधी वाटले नाही. नाईट ड्यूटी मी केली आहे, पहाटे रिकाम्या रस्त्याने मीही चालले आहे. शासकीय महाविद्यालयांनीही हा रकाना भरावा, खासगींनी तर भरावाच. जिथे वसतिगृह नाही तिथे 'नाही' असे स्पष्ट लिहावे.

चौथा रकाना शिक्षकांचा, आणि त्याबद्दल फार लिहायला नको. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा कौन्सिलचा दंडक आहे. किती पदे भरली आहेत आणि त्यातल्या एम. एस्सी. किती, एवढे दोन आकडे दिले की पुरे.

आता आपल्याकडून येऊ शकेल अशी पहिली हरकत : ही माहिती गोळा करणे कक्षाचे काम नाही. बरोबर आहे, पण गोळा करायची गरजच नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे ती संलग्नतेच्या प्रस्तावासोबत येते आणि विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती जाऊन ती तपासते. मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे ती जाते. दिल्लीच्या कौन्सिलकडे जाते. शुल्क नियामक प्राधिकरणाकडे तर हिशेबाच्या पावत्यांसह जाते. महाविद्यालये दरवर्षी हीच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत भरून वैतागलेली असतात, ते काम मी जवळून पाहिले आहे. खाटा, प्रसूती, शिक्षक, वसतिगृह, पैसा, या सगळ्याचे कागद सरकारी कपाटांत आहेत. ज्या मुलीला ते बघून निर्णय घ्यायचा आहे तिच्यापुढे मात्र एकही येत नाही.

दुसरी हरकत : महाविद्यालये खोटे आकडे देतील. देतील काही. पण आज खोटे फक्त तपासणी समितीसमोर बोलावे लागते, आणि समिती एक दिवस येते. तेच आकडे उघड झाले की ते रोज त्याच इमारतीत वावरणाऱ्या मुली वाचतील, गावातले लोक वाचतील, शेजारचे महाविद्यालय तर चष्मा लावून वाचेल. खाटा शंभर म्हटल्या आणि निम्म्याच निघाल्या तर तक्रार करायला हातात छापील आकडा असेल. खासगी महाविद्यालयांच्या बाबतीत तक्रार ऐकायला २०१५ च्या कायद्याने प्रवेश नियामक प्राधिकरण आहेच.

तिसरी हरकत माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनीच घेतली : अशाने सगळ्या मुली मोठ्या शहरांतल्या चार महाविद्यालयांवर तुटून पडतील आणि तालुक्याची ओस पडतील. मला तसे वाटत नाही. मोठ्या रुग्णालयांकडचा ओढा आजही आहे, तो गुणांनी आपोआप आवरतो. खरा फरक पडेल तो मधल्या मुलींना, ज्यांना यादीतल्या विसाव्या आणि तिसाव्या महाविद्यालयांतून निवडायचे असते. तिथे लहान गावातले, पण जिवंत रुग्णालय असलेले एखादे मिशनचे किंवा ट्रस्टचे महाविद्यालय वर येईल. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय काही राजधानीत नव्हते. आणि ज्यांच्याकडे दाखवायला रुग्णच नाहीत त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, तर मला त्याचे वाईट वाटणार नाही.

केंद्र सरकारने काही वर्षांपूर्वी संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे देशात हजार लोकसंख्येमागे १.९६ नोंदणीकृत परिचारिका होत्या आणि जागतिक आरोग्य संघटनेचे माप तीनचे आहे. ही दरी भरायची म्हणून महाविद्यालये वाढवण्याकडे सगळ्यांचा कल आहे. २०१४ नंतर सुरू झालेल्या १५७ वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून तितकीच परिचर्या महाविद्यालये काढण्याची घोषणा २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. त्यामागे एक चांगला विचार आहे : रुग्णालय आधी, महाविद्यालय नंतर. खासगीकडे बऱ्याच ठिकाणी क्रम उलटा असतो. नोंदणीचा आकडा तीनवर नेणे त्यामानाने सोपे आहे. प्रमाणपत्र हातात घेऊन आलेली नवी परिचारिका पहिल्या महिन्यात एकटी वॉर्ड सांभाळू शकते का, हे त्या आकड्यात दिसत नाही. अशा मुली माझ्याकडे आल्या आहेत ज्यांनी चार वर्षांत व्हेंटिलेटर फक्त चित्रात पाहिला होता. त्यांना दोष देऊन काय होणार? त्यांनी कुठला तरी सांकेतिक क्रमांक निवडला होता, इतकेच.

घाई करा म्हणण्याला कारण आहे. १९४७ चा नर्सिंग कौन्सिल कायदा बदलून २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा आला आहे, आणि त्यात देशभर प्रवेशाची एकसारखी पद्धत आणण्याची जबाबदारी आयोगावर टाकली आहे. ती पद्धत आली की हे पान कुणाच्या हातात राहील सांगता येत नाही. आज ते आपल्या हातात आहे. महाराष्ट्राने चार रकाने आधीच घालून ठेवले, तर पुढे दिल्लीला ते काढून टाकणे अवघड जाईल.

रकान्यांचा नमुना मी मराठीत करून ठेवला आहे. एका महाविद्यालयाला एक ओळ, आडवी, मोबाइलच्या पडद्यावर मावेल अशी. ई-सेवा केंद्रातल्या मुलाने तो भरून पाहिला, त्याच्या दोन सूचना घेतल्या, आणि ओळखीच्या काही मुलींना वाचायला दिला. त्यांनी पहिल्यांदा विचारले ते असे : "प्रसूती वर्षाला किती, हे कशाला?" मग सांगितले. हा नमुना या पत्रासोबत कक्षाच्या पत्त्यावर वेगळा पाठवत आहे. पुढच्या पसंतीक्रमाची खिडकी उघडण्याआधी निदान रुग्णालयाचा आणि खर्चाचा असे दोन रकाने भरता आले तर बाकीचे दोन वर्षभराने आले तरी चालतील.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
परतवाडा, जि. अमरावती

ता. क. : मुलगेही विचारायला येतात, पण बहुतेक अंधार पडल्यावर. 'हा कोर्स फक्त मुलींचा असतो ना?' असे विचारतात. सैन्यदलाच्या परिचर्या सेवेचा आणि दिल्लीच्या एम्सचा अभ्यासक्रम मुलींसाठी राखीव आहे, त्यावरून हा समज पसरला असावा. राज्याच्या सीईटीला मुलगेही बसू शकतात, हे आपल्या जाहिरातीत पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत छापावे. अस्थिव्यंगाच्या वॉर्डात ऐंशी किलोच्या रुग्णाची कूस बदलताना मला त्यांची फार आठवण येत असे.